पंधरा जीबीचं धरण

जुलै महिन्यात सांगलीत सकाळी रस्त्यात भेटलेला माणूस 'काय, बरं आहे ना?' असं विचारत नाही. 'आयर्विनला किती?' असं विचारतो. १९२९ साली बांधून झालेल्या त्या पुलाखाली कृष्णामाई किती फुटांवर आली आहे, एवढं कळलं की बाकीची चौकशी करावी लागत नाही. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. त्याच्या वर गेलं की विचारायला रस्त्यात कोणी भेटतच नाही. सगळे माळ्यावर सामान चढवत असतात.

म्हणून सकाळी सव्वासहाला फोन वाजला आणि पलीकडून बापूंनी "सर, किती?" एवढंच विचारलं, तेव्हा मी झोपेतच "एकतीस" म्हणालो.

"एकतीसच? मग झोपा की निवांत. माझं त्र्याण्णव झालंय."

मी ताडकन उठून बसलो. आयर्विनला ९३ म्हणजे एव्हाना मी खाटेसकट नरसोबाच्या वाडीला लागायला हवा होतो. खिडकीतून खाली पाहिलं तर दूधवाला सायकल टेकवून शांतपणे पिशव्या मोजत होता. मग उलगडा झाला. बापू नदीबद्दल बोलतच नव्हते. ते बोलत होते फोटोंबद्दल. इंटरनेटवरच्या ढगात त्यांना मिळालेली पंधरा जीबीची फुकट जागा ९३ टक्के भरली होती, आणि खात्याच्या शिरस्त्याप्रमाणे ते नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा देत होते. त्या दिवशी नदीकाठचं गाव मी होतो.

बापू पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. खात्याचं नाव मध्येच जलसंपदा झालं, पण बापूंनी ते मनावर घेतलं नाही. नोकरीतली सगळी वर्षं पाणी अडवायचं, मोजायचं आणि वरून हुकूम आला की सोडायचं, यात गेली. निवृत्तीनंतर अडवायला पाणी उरलं नाही. माणूस सवयीचा गुलाम. बापू फोटो अडवायला लागले.

अशी माणसं प्रत्येक कॉलनीत एक तरी असतात. विजेची १९९१ पासूनची बिलं यांच्याकडे तारीखवार मिळतात. मिक्सर मोडीत जाऊन दहा वर्षं झालेली असतात, पण त्याचं वॉरंटी कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत सुखरूप असतं. हा जपणाऱ्यांचा वाण. मी हरवणाऱ्यांच्या वाणातला. माझ्या फोनमध्ये गॅसच्या पावतीचे, बसच्या वेळापत्रकाचे आणि चुकून दाबलं गेल्यामुळे निघालेले स्वतःच्या चपलेचे मिळून काही हजार फोटो आहेत आणि त्यांतला एकही दुसरीकडे कुठे ठेवलेला नाही. हे बापूंना कळलं त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पूररेषेच्या आत घर बांधणाऱ्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं होतं.

बापूंच्या तोंडी संगणकाचा एकही शब्द टिकत नाही. मुलानं पुण्याहून शिकवून पाठवलेले 'अपलोड', 'डिलीट', 'स्टोरेज' हे शब्द महिनाभर जपून वापरले आणि मग सोडून दिले. आता फोटो येतात ती 'आवक'. काढून टाकायचे तो 'विसर्ग'. नातेवाइकांचा व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे 'पाणलोट क्षेत्र', आणि तुळशीचं लग्न आटोपून लग्नसराई लागली की 'पाणलोटात मुसळधार'. रोज सकाळी गुलाबावर दवबिंदू आणि त्याखाली 'शुभ सकाळ' असे जे फोटो येतात, त्यांना ते 'गाळ' म्हणतात.

"धरण पाण्यानं भरलं तर आनंदच आहे ओ सर," ते सांगतात, "पण धरण गाळानं भरतं. माझ्या साडूंचा रोज सकाळी पाच फोटोंचा गाळ येतो. वर्षाचे किती झाले, करा हिशोब."

पावसाळ्यात सांगलीच्या पेपरात रोज एक चौकट येते : धरणाचं नाव, क्षमता, आजचा साठा. कोयना १०५.२५ टीएमसी, वारणा ३४.४०, धोम १३.५०, कण्हेर १०.१०. आमच्याकडे शाळेतल्या पोरांनासुद्धा हे आकडे पाढ्यांसारखे येतात. तशीच चौकट बापूंच्या फ्रिजवर आहे, हाताने आखलेली, खडूच्या पाटीवर. त्यांनी घरात चार खाती काढली आहेत आणि चारी खात्यांना धरणांची नावं दिली आहेत. फरक एवढाच, की इथे लहानमोठं काही नाही, प्रत्येकाची क्षमता पंधराच. 'कोयना' त्यांचं स्वतःचं. 'वारणा' काकूंच्या नावावर. काकूंना त्याचा पत्ता नाही. 'धोम'मध्ये सातबारा, पेन्शनचे कागद आणि सगळ्या घराची आधार कार्डं. 'कण्हेर' कोरडं ठेवलेलं, आपत्कालीन. पण दोन वर्षं खातं उघडलंच नाही तर ते बंद करून आतलं सगळं काढून टाकू शकतात, असा नियम त्यांनी कुठेतरी वाचला. तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला ते कण्हेर उघडतात, आत कोणी नाही हे पाहतात आणि बंद करतात. "गेट वर्षातनं दोनदा वर-खाली करून तेल घालायला लागतंच. नाहीतर ऐन पुरात जाम होतं."

एक तारखेवरून आठवलं. गूगल फोटोज २०१५ साली सुरू झालं तेव्हा थोडी बारीक करून घेतलेली चित्रं हवी तितकी फुकट ठेवता येत. मग कंपनीनं २०२० च्या नोव्हेंबरात जाहीर केलं, की १ जून २०२१ पासून फुकटचं बंद. पुढचा प्रत्येक फोटो त्या पंधरा जीबीत धरला जाईल, आणि त्याच पंधरात ईमेलही. कॉलनीत कट्ट्यावर आम्ही सगळे तावातावाने बोलत होतो. बापू एकटे खूश.

"एक जून!" ते म्हणाले. "कोयनेचं तांत्रिक वर्षसुद्धा एक जूनलाच सुरू होतं. तिकडं नक्की कुणीतरी पाटबंधाऱ्यातलं बसलंय." आणि मग आमच्या तक्रारीवर त्यांनी खात्याच्या वतीने उत्तर दिलं, "आधी कालवा काढायचा, पाणी फुकट सोडायचं, लोकांना ऊस लावायची सवय लागू द्यायची. मग पाणीपट्टी. चुकलं काय त्यांचं? आम्ही पण तेच केलं."

एवढं तत्त्वज्ञान पचवलेल्या माणसानं स्वतःची पाणीपट्टी भरायला मात्र पाच महिने घेतले. १०० जीबीला महिना १३० रुपये. सरकारी नोकरीत वाढलेला माणूस १३० रुपये असे खिशातून काढून देत नाही. बापूंनी फुलस्केपवर टिपणी लिहिली : विषय, पार्श्वभूमी, सद्यःस्थिती, प्रस्ताव, सोबत तीन वर्षांच्या आवकेचा तक्ता. खाली 'मान्यतेस्तव सादर'. कागद ओट्यावर डब्याखाली ठेवला. काकूंनी संध्याकाळी पेन्सिलीनं समासात शेरा मारला, 'आधी गिझर.' फाइल परत आली. गिझर बसला. मग दुसऱ्यांदा सादर झाली तेव्हा मान्यता मिळाली, पण सोबत अट, की ग्रुपवरच्या काकूंच्या माहेरच्या माणसांना गाळ म्हणायचं नाही.

पुढे त्याच १०० जीबीत घरच्या माणसांना सामावून घेता येतं असं कळलं. बापूंनी मोठ्या मनानं पुण्याच्या मुलाला आणि सुनेला आत घेतलं. तिथून भानगड सुरू झाली. नातू चालायला लागला होता. सून त्याच्या प्रत्येक पावलाचा व्हिडिओ काढायची, आणि तोही त्या अतिस्पष्ट, फोरके का काय म्हणतात त्या प्रकारातला. दोन महिन्यांत बापूंच्या पाटीवर आकडा ८८ झाला. स्वतः एकही फोटो न काढता!

सांगलीत पूर आला की तो कुणामुळे आला यावर दोन तट पडतात, आणि त्यातला एक तट हमखास अलमट्टीकडे बोट दाखवतो. खाली कर्नाटकात धरण अडवलं की त्याचा फुगवटा मागे आपल्यापर्यंत येतो, असं त्याचं म्हणणं. यातलं खरं-खोटं तज्ज्ञांनी करावं. नोकरीत असताना बापू स्वतः या मताची टर उडवायचे. पण आता ते सुनेच्या खात्याला 'अलमट्टी' म्हणतात. तिच्यासमोर नाही. माझ्याजवळ, आवाज खाली करून. "खालच्या अंगाला आहे, दरवाजे त्यांच्या हातात, आणि बुडतोय मी."

तंटा मिटवायला त्यांनी शेवटी लवाद नेमला. लवादाचे अध्यक्ष बापू, सदस्य बापू. बच्छावत लवादानं १९७३ साली कृष्णेचं पाणी महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्राला ८०० टीएमसी असं वाटून दिलं. त्याच थाटात बापूंनी १०० जीबी वाटले. स्वतःला ४०, मुलाला २०, सुनेला ३५, आणि ५ जीबी पर्यावरणासाठी राखीव. निवाडा टंकलिखित करून पुण्याला पाठवला. सुनेनं त्यावर अंगठा पाठवला, इमोजीतला, आणि संध्याकाळी नातवाचा अकरा मिनिटांचा व्हिडिओ. अडचण अशी, की एकत्र घेतलेल्या जागेत कुणी किती वापरली ते दिसतं, पण माणशी हद्द घालून देता येत नाही. बापूंनी हे सगळं शोधून पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. "लवादाचं असंच असतं. अंमलबजावणीची यंत्रणा नसते."

आता त्या तीन-दोन-एकबद्दल सांगितलं पाहिजे. ढगात ठेवलं म्हणजे झालं, असं बापू मानत नाहीत. मुलानं एकदा फोनवर सांगितलं, की फोटोंच्या तीन प्रती हव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक तरी दुसऱ्या गावी. आणि हा नियम पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराच्या 'द डॅम बुक' नावाच्या पुस्तकातून जगभर पसरला. बापू खुर्चीत सरळ झाले.

"कसलं बुक?"

"डॅम बुक, बाबा."

"धरणाचं?"

मुलानं समजावलं, की त्यातलं डॅम म्हणजे डिजिटल ॲसेट मॅनेजमेंट, धरणाशी काही संबंध नाही. पण तोवर उशीर झाला होता. बापूंच्या लेखी निकाल लागला होता. सगळ्या जगाला फोटो कसे सांभाळायचे हे अखेर डॅमवाल्यानंच शिकवलं. हे ते मला आजपर्यंत निदान सहा वेळा सांगून चुकलेत, आणि दर वेळी 'ॲसेट मॅनेजमेंट'चा भाग थोडा थोडा आखडत गेला आहे.

तर पहिली प्रत फोनमध्ये, दुसरी ढगात, आणि तिसरी हार्ड डिस्कवर, परगावी. परगाव कुठलं, यावर बापूंनी आठवडाभर जिल्ह्याचा नकाशा पसरून विचार केला. मिरज बाद, फार जवळ. इस्लामपूर बाद, वारणा आणि कृष्णेच्या मध्ये. कोल्हापूर तर बोलायलाच नको, तिथे पंचगंगा आमच्याही आधी चढते. शेवटी बोट आटपाडीवर थांबलं. धाकटी बहीण तिथे दिलेली. दुष्काळी तालुका. "सर, आटपाडीला पूर? माणसं पाऊस बघायला सांगलीला यायची ओ तिथली."

दर दिवाळीनंतर बापू एसटीनं आटपाडीला जातात. हार्ड डिस्क काकूंच्या डब्यात, भोवती जुन्या धोतराची घडी, आणि बुटांच्या खोक्यांतून गोळा केलेल्या त्या ओल शोषणाऱ्या पांढऱ्या पुड्या. वर्षभराची आवक तिच्यात भरायची, उघडून पाहायची आणि मेहुण्यांच्या हवाली करून पुन्हा वर्षभर विसरायची. मेहुणे साधे शेतकरी. डिस्कमध्ये नेमकं काय आहे हे त्यांनी कधी विचारलं नाही. सांगलीहून दादांनी जपायला दिली आहे एवढं त्यांना पुरे. त्यांनी ती देवघराखालच्या कप्प्यात ठेवली. खंडेनवमीला घरातली सगळी अवजारं पूजतात, म्हणून कोयत्या-कुऱ्हाडींबरोबर तीही पूजली. हळद-कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल.

त्या वर्षी बापूंनी केबल लावली तर डिस्क जागी होईना. त्यांनी ती खिडकीपाशी नेली, चष्मा कपाळावर चढवला. केबल जिथे जाते ती फट कुंकवानं गच्च भरली होती. काडेपेटीतली काडी तासून घेतली तरी ती जाड पडली. मग बहिणीच्या पोतेची सुई. बापू ओसरीवर मांडी घालून तासभर एका फटीतून एकेक कण कुंकू उकरत बसले, प्रत्येक कण खाली पेपरवर झाडत, आणि मेहुणे शेजारी हात जोडून, आपल्या हातून नेमकं काय पाप घडलं हे न कळून, उभे. शेवटी डिस्कचा दिवा लागला. फटीच्या कडेला अजून लाली आहे, ती राहू दिली. "सवाष्ण आहे," बापू म्हणाले.

मध्यंतरी बापू मला जरा अस्वस्थ दिसले. विचारलं तर म्हणाले, "टेंभूचं पाणी आटपाडीत पोचलं." कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उपसत दुष्काळी भागात न्यायची ती योजना. तिच्या कामासाठी लोक वर्षानुवर्षं झगडले, आणि पाणी आलं तेव्हा गावागावांत गुलाल उडाला. बापूंनाही आनंद झाला होता. हयात त्यातच गेलेली. "पण सर," ते म्हणाले, "नदी तिथंपर्यंत आली की ओ माझ्या मागं."

ढग म्हणजे काय, हे बापूंना मी सांगायचा प्रयत्न केला त्याची हकीकत थोडक्यात उरकतो, कारण तीत माझी शोभा झाली. मी म्हटलं, ढग म्हणजे ढग नव्हे, कुठेतरी मोठमोठ्या इमारतींत ठेवलेले संगणक; आपल्याकडे नव्या मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या भागात अशा बऱ्याच इमारती आहेत. बापूंनी वही काढली. निळी पूररेषा म्हणजे पंचवीस वर्षांतनं एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांतनं एकदा. तर या इमारती कुठल्या रेषेच्या बाहेर? जोत्याची पातळी काय? खाडी किती लांब? मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता येईना. आपले फोटो नेमके तिथे आहेत की सिंगापूरला, हेही सांगता येईना. मग विषय बदलायला मी म्हटलं, ते संगणक फार तापतात, ते थंड ठेवायला अशा कित्येक इमारतींत भरपूर पाणी वापरतात. बापूंनी वही मिटली. चेहरा खुलला. "म्हणजे शेवटी पाणीच लागतं ना? मग ठीक आहे."

एकदा मात्र धरण फुटलं. चूक बापूंचीच होती, तेही कबूल करतात. दुपारी जेवून, पंखा लावून, त्यांनी फोनमधला गाळ उपसायची मोहीम घेतली. हाताला वेग आला की माणूस बघत नाही. दोन तासांत काही शे फोटो गेले. फोन हलका झाला. चहा घेता घेता खात्री करावी म्हणून टॅबवर ढग उघडला, तर तिथूनही गेलेले. आणि गाळाबरोबर नातवाचं अख्खं बारसं गेलेलं.

बापू माझ्या दारात अनवाणी उभे राहिले. आमच्या ओळखीत पहिल्यांदाच. "सर, दोन्हीकडचं गेलं."

सुदैवानं मला जगात जी दोन-तीन तांत्रिक सत्यं ठाऊक आहेत त्यांतलं एक हे, की काढून टाकलेला फोटो लगेच मरत नाही. ढगात चढवलेला असला तर तिथल्या कचरापेटीत साठ दिवस पडून असतो. आम्ही कचरापेटी उघडली. सगळं होतं. आत्या पाळण्यात वाकलेली, घुगऱ्यांचं ताट, कानात 'कुर्र' करताना सगळ्यांचे डोळे मिटलेले. एकेक परत घेतला. बापू पाणी प्यायले आणि मग भिंतीकडे बघत बराच वेळ बसले.

"आलं लक्षात," ते म्हणाले. "मी समजत होतो ही दोन धरणं आहेत. दोन धरणं नाहीतच. गच्चीवरच्या दोन टाक्या आहेत ह्या, खालनं नळीनं जोडलेल्या. हिच्यातलं उपसलं की तिच्यातलं उतरणारच. मग हिला साठवण म्हणायचं कसं?"

हाच फरक माझ्या इंजिनिअर भाच्यानं मला तीनदा समजावला होता आणि मी तिन्ही वेळा 'हो हो' म्हटलं होतं. नळी म्हटल्यावर पहिल्यांदा कळला. फक्त फोनमधली प्रत काढून ढगातली शाबूत ठेवायची असेल तर त्याचं वेगळं बटण असतं, 'जागा मोकळी करा' असं; ते मी दाखवलं. बापूंनी त्याला 'व्हॉल्व्ह' असं नाव दिलं आणि कचरापेटीसाठी स्वतंत्र नोंदवही घातली. फोटो टाकल्याची तारीख, अधिक साठ दिवस, आणि शेवटच्या रकान्यात सही.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल, की माणसाला फोटोंचं वेड असणार. मुळीच नाही. मी इतकी वर्षं जातो-येतो, पण बापू एखादा फोटो उघडून बघत बसलेत असं एकदाही दिसलं नाही. ते टक्के बघतात. काकू कधी म्हणाल्या, "अहो, ते महाबळेश्वरचे काढा की जरा," तर बापू म्हणतात, "आहेत. तिन्ही ठिकाणी आहेत." धरणावरच्या माणसाला पोहता येतंच असं नाही.

पण याला एक कारण आहे आणि ते २००५ सालचं आहे. तेव्हा बापूंचं घर गावभागात होतं, नदीपासून हाकेच्या अंतरावर. ऑगस्टच्या तोंडावर पाणी चढायला लागलं तेव्हा बापू कामावर. तीन दिवस, तीन रात्री पातळी घ्यायची, वर कळवायची, खालच्या गावांना निरोप द्यायचे. आयर्विनला दर तासाला किती, हे सबंध सांगलीत त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. लोकांना फोन करकरून सांगत होते, बाहेर पडा. काकू मुलाला घेऊन शाळेत गेल्या. आणि घरातल्या लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात फोटोंचे सहा अल्बम तसेच राहिले.

पाणी उतरल्यावर बापूंनी ते बाहेर काढले. त्यांनी काय करायला हवं होतं हे मला आता माहीत आहे, कारण तेच मला सांगतात. दर पावसाळ्यात न चुकता. फोटोच्या वरच्या थरात जिलेटिन असतं. ते पाण्यानं फुगतं. भिजलेले फोटो एकमेकांवर तसेच सुकू द्यायचे नाहीत. थंड स्वच्छ पाण्यात ठेवून हलक्या हातानं सुटे करायचे आणि चित्राची बाजू वर करून सावलीत वाळवायचे. बापूंनी घाईघाईनं अल्बम तसेच उन्हात ठेवले. कडक ऊन पडलं होतं, नेमकं. संध्याकाळी प्लॅस्टिकचा कागद ओढला तर चेहरे कागदाबरोबर निघून आले. हाती पांढरा पुठ्ठा राहिला.

पुढे त्यांनी विश्रामबागेत फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरला पार्किंग विचारलं नाही, देवघराची दिशा विचारली नाही. समुद्रसपाटीपासूनची उंची विचारली. २०१९ साली आयर्विनला ५७ फुटांच्या वर पाणी गेलं, तेव्हा गावभागातले चौदा नातेवाईक या फ्लॅटमध्ये आठवडाभर होते. दारात आलेल्या प्रत्येकाला काकू चहा द्यायच्या, आणि कप हातात पडायच्या आत बापू विचारायचे, "फोटोंचं काय केलंत?"

सहा अल्बमांतला एकच फोटो थोडाफार वाचला. थोडाफार म्हणजे, वर सगळा पिवळट-गुलाबी ओघळ, मध्ये भोवऱ्यासारखं काहीतरी, आणि खाली उजव्या कोपऱ्यात बोटभर जागेत चित्र शिल्लक. बापूंच्या लग्नातला, १९८४ चा. पुढे घरात स्कॅनर आला तेव्हा सगळ्यात आधी हा स्कॅन झाला. आज त्याच्या प्रती फोनमध्ये, कोयनेत, वारणेत आणि आटपाडीला आहेत. मी एकदा भीत भीत विचारलं होतं, की यात काही दिसत नाही, तर जागा कशाला अडवायची? बापू रागावले नाहीत. "प्रत्येक धरणात मृत साठा असतो सर. सगळ्यात खालच्या दाराच्याही खाली असलेलं पाणी. ते वापरता येत नाही. तरी धरतात. साठ्यात मोजतात."

परवा श्रावणात पुण्याची मंडळी आली होती. थोरली नात चौथीत. शाळेत कुटुंबाचा तक्ता करून न्यायचा होता, त्यात आजी-आजोबांचा लग्नातला फोटो हवा. मी तिथेच होतो, पेपर वाचत. बापू उठले. ही वेळ येणार हे त्यांना जणू वीस वर्षं माहीत होतं. कोयना उघडलं, फोटो टीव्हीवर आणला आणि छत्रीचं टोक घेऊन पडद्यापाशी उभे राहिले.

"हे बघ. हा इथं मी. ही इथं आजी. हे मागं भटजी."

नात डोकं तिरकं करून त्या गुलाबी ओघळाकडे बघत होती. "आजोबा, हे ढग आहेत?"

काकू हाताला लागलेलं पीठ झटकत बाहेर आल्या. त्यांनी हा फोटो टीव्हीएवढा मोठा कधी पाहिला नव्हता. जरा वेळ पाहत राहिल्या. मग पुढे होऊन खालच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. काचेवर पिठाचा ठसा उमटला.

"अहो, हे काय आहे?"

"कुठं?"

"हे. खुर्चीचे पाय आहेत ना? लोखंडी, घडीच्या खुर्चीचे."

"मग?"

"आपल्या लग्नात कुठल्या खुर्च्या? सतरंज्या होत्या. तुमच्या वडिलांसाठी तेवढी शेजारच्या वाड्यातनं एक आणली होती, ती पण लाकडी. लोखंडी खुर्च्या वन्संच्या लग्नात आणल्या होत्या. भाड्यानं. तीन मोडल्या म्हणून मांडववाल्यानं जास्त पैसे घेतले, आठवतंय का?"

बापूंनी छत्री खाली घेतली. वन्सं म्हणजे बापूंची धाकटी बहीण. आटपाडीची. इतकी वर्षं मेहुणे खंडेनवमीला हळद-कुंकू वाहत होते ते स्वतःच्याच लग्नाला.

"मग आपला?" नातीनं विचारलं.

"आपला गेला," काकू म्हणाल्या आणि पुऱ्या लाटायला आत गेल्या.

बापू टीव्हीसमोर बसले. चष्मा पुसला. 'विवाह १९८४ मूळ' हे नाव एकेक अक्षर करून खोडलं आणि एका बोटानं नवं नाव लिहिलं. कोयनेत बदललं. वारणेत बदललं. फोनमध्ये बदललं. पाटीवर खडूनं नोंद केली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आटपाडीच्या डिस्कवर अजून जुनंच नाव राहिलं, सर. दिवाळीपर्यंत थांबायला लागणार."